सत्ताविसाव्या साक्षीतलं लांब वाक्य

"ते वाक्य काढा, सर."

"नाही काढणार."

"ते त्या बाईचं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"तुमचं. थोडं माझंही."

सरांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला, पुन्हा उचलला, डोळ्यांवर चढवला. "बाई, परवा पुस्तक छापायला जातंय. दोन वर्षं या खोलीत बसून तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आणि आज एकदम कुठलं वाक्य कोणाचं ते सांगायला लागलात?"

"दोन वर्षं मी टाइप करत होते."

"म्हणजे ऐकत होतातच ना?"

"नाही. कानातून बोटांत जायचं. वाटेत थांबा नाही."

"ती 'हो' म्हणाली, बाई! टेपवर आहे!"

"'हो' म्हणाली. एवढंच म्हणाली."

मी दाराशी त्याच साक्षीची पानं धरून उभी होते. खिडकीजवळच्या खुर्चीत दुभाषी बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डॉक्टरांकडे नंबर लावून बसतात तशा. भांडण म्हणायचं, पण आवाज एकट्या सरांचाच चढत होता. मावशी 'गॅस संपलाय' ज्या सुरात सांगते त्याच सुरात बोलत होती.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती. लग्न का नाही केलंस असं कोणी विचारलं तर म्हणायची, "करणार होते. तारखाच पडत गेल्या." आमच्याच घरात राहते, मधल्या खोलीत. तिच्या कपाटाला कुलूप नाही, आणि आत चोरण्यासारखंही काही नाही. इस्त्रीच्या सहा साड्या, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ आणि माझ्या शाळेतल्या नाटकांचे फोटो.

कोर्टात साक्ष टाइप करायची एक रीत असते. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून सांगते. वकील विचारतो, "तुम्ही त्या सकाळी दुकानाला कुलूप लावून सरळ घरी गेलात, बरोबर?" साक्षीदार म्हणतो, "हो." कागदावर मात्र प्रश्न येत नाही. कागदावर येतं : 'मी त्या सकाळी दुकानास कुलूप लावून सरळ घरी गेलो.' साक्षीदार 'नाही' म्हणाला तर : 'मी सरळ घरी गेलो हे म्हणणे खरे नाही.' म्हणजे प्रश्न गायब होतो आणि त्यातले शब्द साक्षीदाराच्या तोंडात जाऊन बसतात. कोर्टात सगळ्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे कोणी फसत नाही. खरं तर हे वाक्य न्यायाधीशांनी सांगायचं आणि टायपिस्टने उतरवायचं. पण मावशीचा हात इतका बसला होता की न्यायाधीश म्हणायचे, "बाई, घ्या तुम्हीच," आणि पंख्याकडे बघत बसायचे.

ही सवय तिने घरीही आणली होती. आई विचारायची, "दूध आणलंस, की आज पुन्हा विसरलीस?"

"मी दूध आणले. मी विसरले हे म्हणणे खरे नाही."

"आणि उशीर?"

"मला उशीर झाला. वाटेत चप्पल तुटली."

आम्ही हसून बेजार व्हायचो. मी तर तिची नक्कल करून शाळेत बक्षीस मिळवलं होतं.

निवृत्तीनंतर चार महिने ती घरात बसली आणि आईला नकोशी झाली. मग कोणाच्या तरी ओळखीने सरांकडे गेली. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. अकरा वर्षं एकाच पुस्तकावर काम करत होते. लांबच्या एका देशात काही आठवड्यांत हजारो माणसं मारली गेली, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, आणि बाकीच्या देशांनी त्या वेळी काय केलं, असं ते पुस्तक. वाचलेल्या त्रेचाळीस जणांच्या साक्षी सरांनी स्वतः जाऊन टेप केल्या होत्या. छावण्यांत, दवाखान्यांत, परक्या गावांतल्या स्वयंपाकघरांत. सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. या कामापायी त्यांनी स्वतःची झोप घालवली होती, आणि बायको तर केव्हाच बहिणीकडे राहायला गेली होती.

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत. भिंतीवर एक पाइप, त्याच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी. मावशीच्या टेबलाखाली पेडल. चवड्याने दाबलं की टेप चालते, सोडलं की थांबते, टाचेने दाबलं की थोडी मागे जाते. प्रत्येक टेपवर तीन आवाज : सरांचा प्रश्न, दुभाषी बाईंनी तो त्यांच्या भाषेत विचारलेला, मग साक्षीदाराचं उत्तर, आणि पुन्हा दुभाषी बाई. दुभाषी बाई त्याच देशातल्या. इथे येऊन आपली भाषा इतकी पक्की शिकल्या होत्या की भाजीवाल्याशी भांडायच्या.

पहिल्या आठवड्यात मी मावशीला विचारलं, "कसं वाटतंय गं तिथे?"

"अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय."

"तसं नाही. ते सगळं ऐकून."

तिने विचार केला. खरंच केला. "पंखा आवाज करतो," म्हणाली.

टेपा नसतील तेव्हा दुसरी कागदपत्रं यायची. परदेशच्या कचेऱ्यांच्या तारा, मोठ्या मोठ्या सभांची इतिवृत्तं. 'सदस्यांनी गंभीर चिंता व्यक्त केली.' 'परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवण्याचे ठरले.' मावशी तीही त्याच वेगाने टाइप करायची. एकदा जेवताना म्हणाली, "नऊ दिवस सभा चालली. याला काय नाव द्यायचं यावर. नवव्या दिवशी ठराव झाला की दहाव्या दिवशी बसू."

"मग?" बाबा म्हणाले.

"दहाव्या दिवशी सुट्टी होती."

बाबांना ठसका लागला. मावशीने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि पोळीचा तुकडा मोडला. ती विनोद करत नव्हती.

हळूहळू आईच्या लक्षात येऊ लागलं. समोरच्या आजी गेल्या तेव्हा मावशीने विचारलं, "किती वाजता?" नाटकाच्या तालमीत पडून माझा हात मोडला तेव्हा विचारलं, "कुठला?" आई कावली. "अगं, माणसं हळहळतात तरी! तुझ्या डोळ्यांत पाणी म्हणून नाहीच का?"

"दाखवले डोळे. कोरडे पडलेत म्हणाले. थेंब दिलेत, दिवसातून चार वेळा."

आईने कपाळावर हात मारला. "सोड ते काम. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आटलीस तू, ताई."

"अजून सोळा टेपा राहिल्यात," मावशी म्हणाली.

आणखी एक. जेवायला बसल्यावर कोणी भरभर बोलायला लागलं की टेबलाखाली तिची टाच दाबली जायची. मी वाकून पाहिलं होतं. तिला बोलणं मागे न्यायचं असायचं, आणि माणसं काही मागे जात नाहीत.

पुस्तक संपत आलं. प्रकाशनाच्या दिवशी एक साक्ष मोठ्याने वाचावी असं सरांच्या मनात आलं. मावशी म्हणाली, "आमची भाची नाटकात असते." सरांनी सत्तावीस नंबरची साक्ष दिली. साक्षीदारांची नावं पुस्तकात नाहीत, नंबर आहेत.

गेल्या रविवारी दुपारी मी घरी वाचायला घेतली. मावशी जमिनीवर बसून मटार सोलत होती. सत्तावीस नंबरच्या बाई अशा बोलतात :

'आम्ही शाळेत होतो. चार दिवस. पाणी संपलं. फाटकाशी शिपाई होते. परदेशचे होते. त्यांच्या गाड्या पांढऱ्या. आम्हाला बरं वाटायचं. पाचव्या दिवशी त्यांनी सामान भरलं.'

वाचायला सोपं होतं. प्रत्येक वाक्याला एकच श्वास पुरायचा आणि वर उरायचा. मग आलं ते वाक्य : 'तुकडीच्या अधिकाऱ्यास मी स्पष्ट शब्दांत सांगितले की, आपण येथून निघून गेल्यास आम्हां सर्वांची कत्तल होणार आहे आणि याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे.'

मी मध्येच अडकले. पुन्हा घेतलं, पुन्हा अडकले. "मावशी, श्वास कुठे घ्यायचा गं इथे?"

तिचे हात थांबले होते. "पुन्हा वाच."

वाचलं.

"आता त्याच्या आधीचं वाच."

तेही वाचलं.

"ही बाई एवढं लांब बोलतच नाही," मावशी म्हणाली. "पूर्ण टेपभर नाही बोलली. पाच-सहा शब्द झाले की संपलं." मग हातातली शेंग खाली ठेवून, "हे मी कोर्टातलं केलंय."

मला लगेच समजलं नाही. तिने उरलेले मटार सोलले, सालं वेगळी केली, पातेलं आत नेऊन ठेवलं. म्हणाली, "उद्या चल माझ्याबरोबर."

सोमवारी सर शिकवायला गेले होते. मावशीने सत्तावीस नंबरची टेप लावली, हेडफोन न लावता मोठ्याने. आधी सरांचा आवाज, थकलेला पण ठाम : "म्हणजे तुम्ही त्या अधिकाऱ्याला स्पष्ट सांगितलंत, की ते निघून गेले तर तुम्हा सगळ्यांची कत्तल होणार आहे, आणि तुम्हाला याची पूर्ण कल्पना आहे?" दुभाषी बाईंनी ते विचारलं. मग काहीच नाही. मावशीने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. एकोणीस सेकंद. मग एक बारीक शब्द. दुभाषी बाई : "हो म्हणतायत." लगेच सर : "बरं, आता त्यानंतरच्या सकाळबद्दल..." आणि सरांच्या त्या वाक्याखाली, दबून, त्या बाईंचा आवाज. काहीतरी म्हणत होत्या. दुभाषी बाई "त्या म्हणतायत..." इथपर्यंत आल्या, तेवढ्यात सर म्हणाले, "पुढे जाऊ या."

मावशीने टाच दाबली. पुन्हा ऐकलं. पुन्हा टाच. सात वेळा. मग दुभाषी बाईंना फोन केला.

त्या दोन गल्ल्यांपलीकडे राहतात, लगेच आल्या. टेबलाला कान लावल्यासारखं वाकून ऐकलं आणि सरळ झाल्या.

"काय म्हणतेय ती?" मावशीने विचारलं.

"म्हणतेय, मी त्याला म्हटलं, जाताना फाटक लावू नका."

पेडलवरचा मावशीचा पाय हलला नाही.

"लावलं का त्यांनी?" मी विचारलं.

"पुढे आहे ना, तुमच्याच कागदात," दुभाषी बाई म्हणाल्या. "फाटक बाहेरून बंद होतं. कोणाला पळता आलं नाही."

ते पान मी रविवारी वाचलं होतं. मावशीने ते टाइप केलं होतं. बिस्किटाचा पुडा शेजारी ठेवून केलं असणार, कारण त्या पानाच्या कोपऱ्याला तुपकट डाग होता.

म्हणून हे बुधवारचं भांडण. सरांच्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं. शाळेच्या राखणीला नेमलेल्या त्या परदेशी तुकडीचा अधिकारी आज निवृत्त आहे. त्याने लेखी म्हटलंय, 'आम्हांस धोक्याची स्पष्ट कल्पना कोणीही दिली नव्हती.' त्याच्यावरच्यांनी तेच म्हटलं, त्यांच्यावरच्यांनीही तेच. आणि पाचव्या प्रकरणाचं नाव होतं, 'त्यांना सांगितलं होतं.'

"फाटक लावू नका!" सर म्हणाले. "हे छापू? तो अधिकारी काय म्हणेल माहितेय? म्हणेल, बाईंना वारा हवा होता."

"म्हणू दे."

"म्हणू दे काय? अकरा वर्षं, बाई! त्या लोकांना मी शब्द दिलाय."

"शब्द दिलेत खरे. पण आपण त्यांचे घ्यायला गेलो होतो."

सरांनी समोरचे कागद सरळ केले. मग हळू आवाजात म्हणाले, "ती खोटं बोलली असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. ती थोडं बोलली. बाकीचं आपण भरलं."

"अर्थ तर तोच होतो ना!"

"कोर्टात दुसरा वकील उठून उभा राहतो, सर. म्हणतो, उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घातलं. इथे उठायला कोणीच नव्हतं. मी होते, आणि मी प्रश्न पुसून टाकला."

सरांनी दुभाषी बाईंकडे पाहिलं. "लावा फोन. तिलाच विचारू."

"आत्ता?" दुभाषी बाई म्हणाल्या. "ती कामावर असेल."

"लावा."

सत्तावीस नंबरच्या बाई आता तिसऱ्याच एका देशात राहतात. एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम करतात. फोन स्पीकरवर ठेवला. मागे यंत्रांची घरघर. दुभाषी बाईंनी आधी तब्येत विचारली, मुलीचं विचारलं, मग ते. लांब वाक्य सांगितलं, आखूड वाक्य सांगितलं. यातलं कुठलं तुमचं? पलीकडे यंत्र थांबलं, दुसरं सुरू झालं.

मग त्या बोलल्या. दुभाषी बाई एकेक तुकडा आमच्यापुढे ठेवत गेल्या, साक्षी सांगायच्या तसाच.

"त्या म्हणतायत, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही लिहिलंय तर बरोबर असेल."

"त्यांना आठवतं का ते विचारा," सर म्हणाले.

"म्हणतायत, खूप जणांनी विचारलं. खूप वेळा सांगितलं. आता कुठलं माझं, कळत नाही." दुभाषी बाई थांबल्या, ऐकलं. "विचारतायत, तुमच्या कामाला कुठलं उपयोगी पडेल?"

सरांनी फोनकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"म्हणतायत, जे उपयोगी पडेल ते ठेवा. सुपरवायझर आलाय. ठेवते."

फोन बंद झाला. सर खुर्चीत मागे टेकले. जिंकल्यावर माणूस असा दिसत नाही, पण ते म्हणाले, "ऐकलंत, बाई? ती स्वतः म्हणते. अजून काय हवं?"

"ही साक्ष नाही," मावशी म्हणाली. "हा मोठेपणा आहे तिचा. तो छापता येत नाही."

तिने पिशवीतून एक कागद काढला. सत्ताविसाव्या साक्षीचं ते पान तिने नव्याने टाइप केलं होतं, खाली सही केली होती. सरांच्या पुढ्यात ठेवला. मी मान वळवून वाचला.

'प्रश्न : म्हणजे तुम्ही त्या अधिकाऱ्याला स्पष्ट सांगितलंत, की ते निघून गेले तर तुम्हा सगळ्यांची कत्तल होणार आहे, आणि तुम्हाला याची पूर्ण कल्पना आहे?

(शांतता. एकोणीस सेकंद.)

उत्तर : हो.

(प्रश्नकर्ते पुढचा प्रश्न विचारू लागतात. साक्षीदार त्याच वेळी बोलतात.)

उत्तर : मी त्याला म्हटलं, जाताना फाटक लावू नका.'

सरांनी तो एकदा वाचला, मग ओठ हलवत पुन्हा वाचला. एकोणीस सेकंदांशी आले की त्यांचं बोट थांबायचं. खिडकीबाहेर पाइपाच्या सांध्याला थेंब धरत होता, पडत होता.

"मला आठवतं ते स्वयंपाकघर," ते म्हणाले. "टेपची बाजू संपत आली होती. मला भीती होती की मध्येच तुटेल. म्हणून घाई केली मी."

"हं," मावशी म्हणाली.

"ती काहीतरी बोलतेय हे मला दिसत होतं."



सरांनी लाल पेन उचललं. छापायच्या प्रतीतलं पाचवं प्रकरण उघडलं. ते लांब वाक्य सापडायला वेळ लागला नाही, पान आपोआपच तिथे उघडत होतं. त्यांनी ते खोडलं. एका रेघेत, डावीकडून उजवीकडे. समासात लिहिलं : 'फाटक.' मग मागे जाऊन प्रकरणाचं नावही खोडलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही.

दुभाषी बाईंनी पर्सची चेन लावली. मला वाटलं, झालं.

सरांचं पेन अजून हवेतच होतं. ते लोखंडी कपाटाकडे बघत होते. कपाटाचं दार उघडं होतं. आत फायली, पाठीवर नंबर. एक ते सव्वीस. अठ्ठावीस ते त्रेचाळीस.

"बाई," ते म्हणाले. आवाज अगदी साधा झाला होता. "सत्तावीस नंबरची टेप तुम्ही पुन्हा ऐकलीत. कारण भाचीला वाचताना श्वास पुरला नाही."

"हो."

"बाकीच्या बेचाळीस?"

मावशी पेडलची वायर गुंडाळत होती. बोटांवर आठ आकड्यासारखी, कोर्टातल्या यंत्राची गुंडाळायची तशीच.

"बाई, मी विचारतोय. त्याही अशाच टाइप केल्यात? सगळ्या?"

तिने वायरीला गाठ मारली. पेडल पायाने टेबलाखाली सरकवलं, जिथे रोज असतं तिथे. पिशवी खांद्याला लावली. माझ्या हातातली पानं घेतली, सरळ केली, आणि परत माझ्याच हातात दिली.

"बाई!"

'हे म्हणणे खरे नाही' एवढं म्हणायला तिला एरवी कधी वेळ लागत नाही. ती माझ्या शेजारून दाराबाहेर पडली आणि जिना उतरू लागली.